क्वार्टरबॅक पारखताना : त्याचे स्वतःचे किती, त्याला मिळालेले किती

एप्रिलच्या अखेरीस एका शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारची रात्र सुरू असताना, वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी चारपाच जण चहाचे कप घेऊन एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) पाहायला बसलेले असतात. आमच्यापैकी बहुतेकांची मुले किंवा पुतणे न्यू जर्सी आणि टेक्सासकडे स्थायिक झाले आहेत आणि त्यांच्यामुळेच अमेरिकन फुटबॉल आमच्या घरात आला. मी त्याआधी बरीच वर्षे शाळकरी मुलांच्या क्रिकेट निवडीसाठी मैदानाच्या कडेला बसून काढली होती. त्यामुळे या खेळात माझे लक्ष सामन्यांच्या निकालापेक्षा एका प्रश्नावर अधिक खिळले: महाविद्यालयात खेळणारा मुलगा पुढे व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू, होऊ शकेल की नाही, हे आधी कसे ओळखावे? ज्यांना सामन्याचे मूलभूत नियम कळतात, पण ड्राफ्टच्या आधी स्वतःचे मत स्वतः बनवायचे आहे, त्यांच्यासाठी आमची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

ड्राफ्टची रचना थोडक्यात अशी. बत्तीस संघ सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयीन खेळाडू निवडतात, आदल्या मोसमात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, आणि शाळा संपून तीन वर्षे झालेला खेळाडूच निवडीस पात्र ठरतो. ही पद्धत १९३६ साली सुरू झाली. त्या वर्षीचा अगदी पहिला निवडलेला खेळाडू, जे बेरवँगर, एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशाचे मान तेव्हा अगदी वेगळे होते, त्यामुळे त्या घटनेतून आजच्यासाठी काही शिकता येत नाही. मात्र क्रमांक आणि कर्तृत्व यांची गाठ पहिल्या दिवसापासूनच सैल आहे, एवढे लक्षात राहते.

२०२१ च्या ड्राफ्टआधी मी ॲलाबामाच्या मॅक जोन्सला सर्व क्वार्टरबॅकांच्या वर ठेवले होते. आदल्या मोसमात त्याचे ७७.४ टक्के पास पूर्ण झाले होते आणि संघ अजिंक्य ठरला होता, त्यामुळे मला दुसरे काही पाहण्याची गरज वाटली नाही. पुतण्याचा फोन आला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “काका, तुम्ही त्याला पाहिलंच नाही. तुम्ही त्याच्या रिसीव्हरांना पाहिलंत.” त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत त्या संघाचे डेव्हॉन्टा स्मिथ आणि जेलन वॉडल हे दोन रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे), नाजी हॅरिस हा चेंडू घेऊन धावणारा आणि ॲलेक्स लेदरवुड हा क्वार्टरबॅकला पुढून संरक्षण देणारा लाइनमन असे जोन्सचे चार साथीदार निवडले गेले. जोन्स पंधरावा निवडला गेला आणि तीन मोसमांनंतर त्याच्या संघाने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवून दिले. त्यानंतर मी वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहून ठेवला आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळे त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे: या फेकीतले त्याचे स्वतःचे किती, आणि त्याला मिळालेले किती?

सामने कोणते आणि कसे पाहावेत

प्रत्येक खेळाडूचे किमान चार सामने पाहावेत. निवडक क्षणांच्या चित्रफितींवर मुळीच विसंबू नये, कारण त्यांत हुकलेल्या फेकी नसतात. चारपैकी एक सामना त्याच्या मोसमातला सर्वांत वाईट असावा, एक त्याने खेळलेल्या सर्वांत बळकट बचावाविरुद्धचा असावा, एक परक्या मैदानावरचा असावा आणि उरलेला कोणताही साधा, मध्यम प्रतीचा सामना चालेल. त्याचा उत्तम सामना पाहायचा तर या चारांनंतर, शेवटी पाहावा. तो आधी पाहिला की पुढच्या प्रत्येक चुकीला आपण मनातल्या मनात सबब शोधू लागतो, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे.

दूरदर्शनच्या चित्रणाची एक मोठी अडचण समजून घ्यावी. स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होताच, कॅमेरा चेंडूवर जवळ येतो आणि दूर पळणारे रिसीव्हर चौकटीबाहेर जातात. प्रशिक्षक जे चित्रण पाहतात त्यात बावीसही खेळाडू पूर्ण वेळ दिसतात. महाविद्यालयीन सामन्यांचे तसे चित्रण आपल्याला सहसा मिळत नाही, तेव्हा मागच्या बाजूने दाखवलेल्या पुनर्दर्शनांचा पुरेपूर उपयोग करावा आणि प्रत्येक पास तीनदा पाहावा. पहिल्यांदा फक्त क्वार्टरबॅकचे पाय, दुसऱ्यांदा त्याचे डोके कोणत्या दिशेला वळते ते, आणि तिसऱ्यांदा चेंडू कोठे पोहोचला ते. चेंडूच्या मागे नजर पळू न देणे हे या साऱ्या कामातले सर्वांत कठीण शिस्तीचे काम आहे, आणि क्रिकेटची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते आणखी कठीण जाते.

वहीत प्रत्येक पाससाठी एक ओळ आखावी. कितवा डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा, आणि किती यार्ड हवे होते. त्याच्याभोवतीची जागा, जिला पॉकेट म्हणतात, मोकळी होती की कोसळली. चेंडू पहिल्याच ठरलेल्या माणसाकडे गेला की दुसऱ्यातिसऱ्याकडे. फेक चाल सुरू होते त्या रेषेच्या मागे, दहा यार्डांच्या आत, वीसच्या आत की त्याहून लांब. आणि चेंडू योग्य जागी पोहोचला की नाही. पास पूर्ण झाला की नाही हे सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात लिहावे. एका सामन्याला सुमारे तीस ते चाळीस ओळी होतात आणि नीट करायचे तर तीन तास लागतात.

अचूकता

पास पूर्ण होण्याची टक्केवारी आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हीच नवख्याची पहिली चूक असते. ज्या शहराने किरण मोरे आणि नयन मोंगिया असे दोन यष्टिरक्षक भारताला दिले, त्या शहरातल्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे: गोलंदाजाच्या नावापुढचा बळी कित्येकदा यष्टीमागच्या हातांनी घडवलेला असतो, आणि सुटलेला झेल म्हणजे वाईट चेंडू नव्हे. तसेच रिसीव्हरने उंच उडी मारून, शरीर वाकवून पकडलेली फेक ही पूर्ण झालेली वाईट फेक असते, आणि छातीवर आलेला चेंडू त्याच्या हातून सुटला तर ती अपूर्ण राहिलेली चांगली फेक असते. वहीत पहिलीला फुली आणि दुसरीला बरोबरची खूण पडली पाहिजे. धावणाऱ्या रिसीव्हरच्या पावलांची लय न मोडता, बचाव करणाऱ्यापासून दूरच्या त्याच्या खांद्याकडे चेंडू आला की नाही, एवढाच निकष ठेवावा.

दुसरे म्हणजे टक्केवारीत कोणत्या फेकी मिसळल्या आहेत ते सुटे करावे. समजा एका सामन्यात ३५ पैकी २५ पास पूर्ण झाले, म्हणजे ७१ टक्के. आता त्यांपैकी नऊ फेकी रेषेच्या मागे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिलेल्या आणि सगळ्या पूर्ण झालेल्या निघाल्या, तर उरलेल्या २६ पैकी १६ म्हणजे ६२ टक्केच राहतात. आकडा खोटा नव्हता, पण त्यात त्याच्या हाताचा भाग लहान आणि प्रशिक्षकाच्या आखणीचा भाग मोठा होता. ड्राफ्टच्या दृष्टीने दहा ते वीस यार्डांच्या पट्ट्यातल्या, मैदानाच्या मधोमध टाकलेल्या फेकी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. तिथे चेंडू दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून जावा लागतो आणि ती फट क्षणभरच उघडी असते.

महाविद्यालयीन आणि व्यावसायिक मैदानातले काही फरक येथे माहीत असणे आवश्यक आहे, आणि हौशी निरीक्षक बहुधा तेच विसरतात. मैदानाच्या मधल्या ज्या दोन आखणी-रेषांदरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो, त्या महाविद्यालयात एकमेकींपासून ४० फूट दूर असतात आणि एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच आहे. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू एका बाजूच्या रेषेवर असताना समोरच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर शंभर फूट होते, तर एनएफएलमध्ये ते सुमारे ८९ फूट राहते. म्हणून लांबच्या कडेकडे, पंधरा यार्डांवर, जमिनीशी जवळपास समांतर जाणारी फेक ज्या मुलाला महाविद्यालयात नियमित जमते, त्याच्या हाताच्या बळाविषयी आणखी पुरावा शोधत बसू नये. उलट एक सवलतही आहे. महाविद्यालयात रिसीव्हरचा एक पाय मैदानात टेकला तरी झेल वैध ठरतो. एनएफएलमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. कडेला पकडलेला प्रत्येक सुंदर झेल थांबवून पाहावा आणि एनएफएलच्या नियमाने तो टिकला असता का, हे ठरवावे.

आणखी एक नियम आहे. महाविद्यालयात पास टाकायच्या वेळी लाइनमन तीन यार्ड पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. या सवलतीवर एक संपूर्ण खेळपद्धत उभी आहे, जिच्यात क्वार्टरबॅक एका बचावपटूकडे पाहून धावणाऱ्याच्या हाती चेंडू देतो किंवा तो काढून घेऊन झटकन फेकतो. अशा फेकींत रिसीव्हर बहुधा मोकळाच असतो. त्या वहीत वेगळ्या रंगाने लिहाव्यात, कारण वरच्या पातळीवर त्या तितक्या सहज मिळत नाहीत.

पहिला माणूस झाकला गेला की पुढे काय

येथे मी वाचकाला जरा थांबवणार आहे, कारण माझ्या मते सगळी पारख या एका जागी आहे. चालीत पहिला रिसीव्हर ठरलेला असतो. तो मोकळा असेल तर चेंडू त्याच्याकडे जातो, आणि तेवढे चांगल्या महाविद्यालयीन संघातल्या बहुतेक क्वार्टरबॅकांना जमते. पण तो झाकला गेला, तर पुढच्या एका सेकंदात क्वार्टरबॅक काय करतो? एक जण पाय जमिनीत रुतल्यासारखा त्याच्याकडेच पाहत राहतो आणि शेवटी जबरदस्तीने फेकतो. दुसरा लगेच डोळे खाली आणून पळण्याची वाट शोधतो. तिसऱ्याचे पाय डोक्याबरोबर वळतात. खांदे दुसऱ्या माणसाच्या दिशेला येतात, मग तिसऱ्याच्या, आणि चेंडू वेळेवर सुटतो. हा तिसरा मुलगा दुर्मिळ असतो. चार सामन्यांतून अशा केवळ वीसपंचवीस ओळी मिळतात, पण बाकीच्या शंभराहून त्या अधिक बोलतात. पहिल्या माणसाकडे गेलेल्या फेकी काढून टाकून उरलेल्यांची अचूकता वेगळी मोजावी. हा आकडा मला कोणत्याही वर्तमानपत्रात दिसलेला नाही; तो हातानेच काढावा लागतो.

याच्याच जोडीला वेळेआधी फेकण्याची जाण पाहावी. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी चित्रण थांबवावे आणि रिसीव्हर वळला आहे का ते पाहावे. तो अजून पाठमोरा असेल आणि तरीही चेंडू त्याच्या वळण्याच्या जागी पोहोचला, तर त्या मुलाने बचावाची रचना वाचली आहे. यष्टीजवळ कोणी पोहोचलेले नसताना, कोणीतरी पोहोचेल या भरवशावर मोकळ्या टोकाकडे फेक करणारा क्षेत्ररक्षक आपण पाहिलेला असतो. हा त्यातलाच गुण आहे. रिसीव्हर मोकळा झाल्याचे डोळ्यांनी दिसल्यावरच जो फेकतो, त्याला महाविद्यालयात वेळ पुरतो, कारण तिथले बचावपटू तितके वेगवान नसतात. एनएफएलमध्ये स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंतचा सरासरी वेळ सुमारे पावणेतीन सेकंद असतो, आणि उशिरा दिसणाऱ्याला एवढ्यात उशीर झालेला असतो.

दबावाखालच्या वागण्याचे दोन भाग करावेत. लाइनमन हरले म्हणून आलेला दबाव आणि क्वार्टरबॅकने चेंडू फार वेळ धरून ठेवला म्हणून आलेला दबाव. दुसरा त्याच्या खात्यावर लिहावा. दबाव आला असताना किती वेळा तो चेंडूसह खाली पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, हे प्रमाण काढावे. दर दहा दबावांत दोन किंवा अधिक सॅक असतील तर मी त्या नावापुढे खूण करून ठेवतो, कारण ही सवय वरच्या पातळीवर सहज सुटत नाही. केलेब विल्यम्स २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. चेंडू धरून खेळ लांबवण्याची त्याची सवय महाविद्यालयातच दिसत होती, आणि पहिल्या मोसमात तो ६८ वेळा सॅक झाला. त्याच्या पुढच्या लाइनमनांचा वाटाही त्यात होता, हे सांगणे न्यायाचे आहे, आणि त्याच्या हातातली करामत मला आजही मोहवते.

महाविद्यालयीन आकडे वाचताना एक तपशील ध्यानात ठेवावा: तिथे सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. त्यामुळे एखाद्या चपळ मुलाची धावण्याची सरासरी अकारण कमी दिसते, आणि पासच्या आकड्यांत सॅकचा मागमूसही राहत नाही. दोन्ही बाजूंनी दिशाभूल होते.

मोजमापे

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस येथे खेळाडूंची सामुदायिक चाचणी होते. उंची, वजन, पंजाची लांबी मोजली जाते, चाळीस यार्डांची धाव होते, बचावपटूंविना फेकी होतात. या मोजमापांवर जितके लिहिले जाते तितके त्यांचे मोल नाही. टॉम ब्रॅडीने २००० साली तिथे चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद घेतले आणि सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. पण पॉकेटमध्ये अर्ध्या पावलाने सरकून वेळ मिळवण्याची त्याची हातोटी कोणत्याही घड्याळात बसणारी नव्हती. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा असलेल्या आपल्या गावात नुसती मांडी मोजून कोणी पैलवान ठरवत नाही, हे सांगण्याची गरज नसावी. तरी मोजमाप अगदीच सोडून देऊ नये. पंजा साडेआठ इंचांचा असेल, जसा २०२२ मध्ये केनी पिकेटचा होता, तर पावसातले आणि थंडीतले सामने मुद्दाम शोधून चेंडूवरची पकड पाहावी. उंची कमी असेल तर लाइनवर अडवल्या गेलेल्या फेकी मोजाव्यात. ड्रू ब्रीझ आणि रसेल विल्सन सहा फुटांच्या आसपासचेच होते आणि दुसऱ्या व तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावे लागूनही दोघांनी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकले. मोजमाप आपल्याला प्रश्न देते. उत्तर सामन्यातच शोधावे लागते.

बुद्धिमापनाच्या जुन्या चाचणीविषयी वाचक विचारतील. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची ती चाचणी २०२२ पासून त्या मेळाव्यात घेतली जात नाही. ती गेली ते बरे झाले.

अनुभव, वय आणि जोडीदार

किती सामन्यांचा अनुभव पुरेसा मानावा? बिल पार्सेल्स या नामवंत प्रशिक्षकाच्या नावाने सांगितले जाणारे जुने निकष असे: मुलगा शेवटच्या वर्षाचा असावा, त्याने पदवी पूर्ण केलेली असावी, तीन वर्षे तो संघाचा नियमित क्वार्टरबॅक असावा आणि त्याने किमान २३ सामने जिंकलेले असावेत. आज हे निकष जसेच्या तसे लावले तर अनेक चांगली नावे गळतील, पण त्यांच्या मागचा विचार मला पटतो. पुष्कळ सामने खेळलेल्या मुलाविषयी आपली चूक होण्याची शक्यता कमी असते, कारण प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्यावर उपाय शोधल्यानंतरचा त्याचा खेळही आपल्यासमोर असतो. २०१७ मध्ये मिचेल ट्रुबिस्की अवघे १३ सामने सुरुवातीपासून खेळून दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच वर्षी दहाव्या क्रमांकावर निवडला गेलेला पॅट्रिक महोम्स आधीच्या मोसमात ५,०५२ यार्ड फेकूनही पाच जिंकलेल्या आणि सात हरलेल्या संघाचा क्वार्टरबॅक होता. संघाच्या हारजितीवरून मुलाला जोखले असते तर महोम्स यादीत खाली गेला असता. त्याच्या बचाव फळीने दिलेल्या गुणांचा भार त्याच्या खात्यावर पडायला नको होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ मध्ये त्यांनी ट्रे लान्ससाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी दिल्या. लान्स खालच्या गटातील नॉर्थ डकोटा स्टेटकडून खेळला होता. त्याच्या एकमेव पूर्ण मोसमात २८ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे) होते आणि एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेली फेक) नव्हते. पण पुढच्या वर्षी महामारीमुळे तो एकच सामना खेळला, आणि सगळ्या महाविद्यालयीन कारकिर्दीत त्याने ३१८ पास टाकले. एवढ्यावरून कोणीही ठाम मत देऊ शकले नसते. पुढच्याच वर्षी त्याच संघाने आयोवा स्टेटमधून चार वर्षे खेळलेल्या ब्रॉक पर्डीला ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर घेतले, आणि पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. त्याचा हात मध्यम बळाचा होता. पण पहिला माणूस झाकला गेल्यावर दुसऱ्याकडे वेळेवर पोहोचणे त्याला महाविद्यालयातच येत होते.

अनुभवाच्या उलट बाजूला वय असते. चोवीस वर्षांचा तरुण एकोणीस वर्षांच्या बचावपटूंना चकवतो तेव्हा त्या यशातून थोडे वजा करावे. २०१८ पासून महाविद्यालय बदलणे सोपे झाले आणि २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उत्पन्न मिळवता येऊ लागले, त्यामुळे असे मोठ्या वयाचे उमेदवार आता पुष्कळ दिसतात. २०२४ च्या पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते आणि त्यांतला बो निक्स महाविद्यालयात ६१ सामने सुरुवातीपासून खेळलेला होता. मोठ्या वयाच्या मुलाच्या बाबतीत मी शेवटच्या वर्षाची आधीच्या वर्षांशी तुलना करतो. सुधारणा नव्या संघामुळे झाली, नव्या रिसीव्हरांमुळे झाली की त्याच्या पायांत आणि नजरेत काही बदलले? जो बरोची टक्केवारी लुइझियाना स्टेटमध्ये एका वर्षात ५७.८ वरून ७६.३ वर गेली. त्याला जस्टिन जेफरसन आणि जामार चेस हे दोन अव्वल रिसीव्हर लाभले होते, म्हणून शंका घ्यायला भरपूर जागा होती. पण दबाव आल्यावर नजर खाली न नेता पॉकेटमध्ये वर सरकणे आणि अरुंद फटीत योग्य खांद्यावर चेंडू ठेवणे ही त्याची स्वतःची कामे होती. मॅक जोन्स आणि बरो यांची वही शेजारी ठेवली तर टक्केवारी जवळपास सारखी आहे. कोसळलेल्या पॉकेटच्या ओळी मात्र अगदी वेगळ्या आहेत.

या पद्धतीला न जुमानणारे एक नाव प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जॉश ॲलनची वायोमिंगमधली कारकिर्दीची टक्केवारी ५६.२ होती, आणि त्याच्या अचूकतेच्या रकान्यात रिसीव्हरांना वगळूनही भरपूर फुल्या पडत होत्या. एनएफएलच्या पहिल्या मोसमात तो ५२.८ टक्क्यांवर राहिला, तिसऱ्या मोसमात ६९.२ वर पोहोचला आणि पुढे २०२४ च्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेकण्याची शारीरिक पद्धत इतक्या उशिरा दुरुस्त होऊ शकते, हे मी मानत नव्हतो. आता मी प्रचंड बळाच्या हाताला आणि धावण्याच्या ताकदीला थोडी अधिक जागा ठेवतो. पण ॲलनसारखा होईल असे सांगून पुढे केला जाणारा प्रत्येक मुलगा ॲलन होत नाही, आणि या एका उदाहरणासाठी अचूकतेचा रकाना काढून टाकणे मला मान्य नाही.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकविषयी थोडेच सांगतो. लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे असे २०१८ मध्ये काही जण म्हणत होते, आणि पहिल्या फेरीच्या शेवटच्या, बत्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा मुलगा पुढे दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाय वेगवान असणे हा फेकण्यातला दोष नव्हे. तो आधी पाहतो आणि मग पळतो, की पाहायचे नको म्हणून पळतो, एवढेच वेगळे करावे.

दुखापतींचा तपशील बाहेरच्या माणसाला अर्धवटच कळतो आणि मुलाखतींतला स्वभाव तर मुळीच नाही. त्यांवर गुण देऊ नयेत.

मत लिहिण्याची वेळ

चार सामन्यांच्या ओळी पूर्ण झाल्या की, समालोचकांच्या याद्या उघडण्याआधी, प्रत्येक मुलावर अर्धे पान लिहावे. त्यात त्याच्या स्वतःच्या तीन गोष्टी, त्याला मिळालेल्या तीन गोष्टी, आणि ज्याची मला खात्री नाही अशी एक गोष्ट असावी. शेवटी त्याला कोणत्या फेरीत घ्यावे ते एका वाक्यात लिहून तारीख टाकावी. आमच्याकडे प्रत्येक जण हे पान वेगळे लिहितो आणि मार्चमधल्या एका रविवारी, सेव-उसळीच्या ताटल्या बाजूला सारून झाल्यावर, ती पाने एकत्र वाचली जातात. शेजारचे नाना जन्मभर रेल्वेत होते; ते टक्केवारीचा एकही आकडा न लिहिता फक्त पावलांविषयी लिहितात, आणि मतभेद झाला की “पुन्हा लाव ती चाल” एवढेच म्हणतात. बहुतेक वेळा पुन्हा लावल्यावर वाद मिटतो, कारण दोघांपैकी एकाने चेंडूकडे पाहिलेले असते.

ड्राफ्टच्या पहाटे मुलगा कोणत्या संघात गेला ते पानाच्या मागच्या बाजूला लिहावे, पुढच्या बाजूला हात लावू नये. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा निर्णय संघाकडे असतो, म्हणून संघांना घाई असते. महोम्स मात्र पहिले वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर बसून शिकला होता. मागच्या बाजूला लाइनमन कसे आहेत, प्रशिक्षक कोण आहे आणि त्याला लगेच खेळवणार की थांबवणार, हे तीन मुद्दे पुरेत. तिसरा मोसम संपल्यावर वही काढावी, त्याचे तेव्हाचे दोन सामने त्याच रकान्यांनी पुन्हा मोजावेत आणि नव्या ओळी जुन्या ओळींच्या शेजारी, वेगळ्या शाईने लिहाव्यात.